डायनोवर हॉर्सपॉवर दर वेळी वेगळी येते किंवा कमी दिसते: इंजिन उघडण्याआधी काय तपासायचं

तक्रारी साधारण तीन प्रकारच्या असतात. कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पंधरा-वीस एचपी (हॉर्सपॉवर) कमी आले. तीच गाडी दुसऱ्या डायनोवर नेली तर आकडा बदलला. किंवा एक्झॉस्ट, इनटेक, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं नवं ट्युनिंग) सगळं करून झाल्यावर आकडा वाढायच्याऐवजी खाली आला. तिन्ही वेळा पहिला संशय इंजिनावर जातो. मग कॉम्प्रेशन टेस्ट, इंजेक्टर सफाई, नवे प्लग असा खर्च सुरू होतो आणि पुढच्या रनला (डायनोवरच्या मोजणीच्या फेरीला) आकडा पुन्हा तिसराच येतो. म्हणून माझा आग्रह असतो की इंजिनाला हात लावण्याआधी त्या आकड्याची नीट तपासणी करा. तो कुठे मोजला, कोणत्या एककात, कोणत्या हवेत आणि कोणत्या यंत्रावर, हे चार प्रश्न सुटले की निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच संपतात.

आधी दोन आकडे एकाच जातीचे आहेत का ते बघा

एक एचपी म्हणजे ७४५.७ वॅट आणि एक पीएस म्हणजे ७३५.५ वॅट. १०० किलोवॅटचं इंजिन पीएसमध्ये १३६ होतं आणि एचपीमध्ये १३४. फरक दीड टक्क्याच्या आतलाच आहे, पण लोक 'बीएचपी' हा शब्द दोन्हींसाठी सर्रास वापरतात, त्यामुळे तुलना सुरू होण्याआधीच दोन-तीन एचपी हरवलेले असतात.

यापेक्षा मोठा फरक मोजमापाच्या जागेचा. कंपनीचा आकडा इंजिनाच्या क्रँकवर (ताकद बाहेर देणाऱ्या दांड्यावर), इंजिन स्टँडवर लावून मोजलेला असतो. रोलर डायनो मात्र चाकांवर पोचलेली ताकद मोजतो. मधे क्लच किंवा टॉर्क कन्व्हर्टर, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बेअरिंग आणि टायर आपापला वाटा घेतात. समजा कंपनी १२० पीएस म्हणते. एचपीमध्ये ते ११८.४ झाले. चाकांवर १०० एचपी आले तर घट साडेपंधरा टक्के. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीत १० ते १५ टक्के घट नेहमीचीच, मागच्या चाकांच्या गाडीत थोडी जास्त, आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत २० टक्क्यांच्या आसपास गेली तरी घाबरायचं कारण नाही. म्हणजे '१२० ची गाडी १०० दाखवते' ही बहुतेक वेळा तक्रारच नसते.

तिसरी गोष्ट डायनोच्या छापील शीटच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेली असते: एसएई, एसटीडी, डीआयएन किंवा 'अनकरेक्टेड'. मोजलेली ताकद कोणत्या प्रमाणित हवेवर आणून छापली आहे, ते यावरून कळतं. एसएई जे१३४९ मध्ये २५ अंश सेल्सिअस, कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल आणि शून्य आर्द्रता धरतात. जुन्या एसटीडी पद्धतीत हवा जास्त थंड आणि दाट धरलेली आहे, साधारण १५.६ अंश आणि १०१.३ किलोपास्कल. त्यामुळे तोच रन एसटीडीवर छापला की एसएईपेक्षा सुमारे चार टक्के जास्त दिसतो. इंजिन तेच, डायनो तोच, फक्त मेन्यूतला एक पर्याय बदललेला. १५० एचपीच्या गाडीत हे सहा एचपी झाले, आणि बऱ्याच एक्झॉस्ट बदलांमधून एवढंच मिळतं. 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन शीट कुणी दाखवल्या की सर्वांत आधी हा कोपरा बघायचा.

जुन्या अमेरिकन गाड्यांबद्दल विचारणारेही असतात, त्यांच्यासाठी एवढंच: १९७१ पर्यंत तिथे आकडे 'ग्रॉस' पद्धतीने छापले जात, म्हणजे इंजिन स्टँडवर, अल्टरनेटर, एअर क्लीनर, गाडीचा स्वतःचा एक्झॉस्ट वगैरे भार काढून. त्या आकड्यांची आजच्या 'नेट' आकड्यांशी किंवा डायनोवरच्या आकड्यांशी तुलना करण्यात अर्थ नाही.

'चाकांचा आकडा ०.८५ ने भागा' हा हिशेब का फसतो

शीटवर क्रँकची ताकद छापलेली असेल तर ती कशी काढली ते विचाराच. अनेकदा चाकांच्या आकड्याला सरळ एका टक्केवारीने वाढवलेलं असतं. मूळ स्थितीतल्या गाडीसाठी हा अंदाज चालून जातो, रिमॅपनंतर मात्र तो फुगतो. गिअरबॉक्समधली सगळी घट ताकदीच्या प्रमाणात वाढत नाही. तेल घुसळण्यात जाणारी ताकद मुख्यतः वेगावर आणि तेलाच्या तापमानावर अवलंबून असते, इंजिन किती जोर लावतंय याच्याशी तिचा फारसा संबंध नसतो. गिअरच्या दातांमधलं घर्षण भाराबरोबर वाढतं, तेल घुसळणं तसं वाढत नाही. मग चाकांवर १०० चे १४० एचपी झाल्यावर तीच १५ टक्के लावली तर क्रँकवर प्रत्यक्षात नसलेले काही एचपी कागदावर येतात.

काही डायनो रननंतर क्लच दाबून गाडी आपोआप थांबू देतात आणि त्या घसरणीवरून घट मोजतात. सरसकट टक्केवारीपेक्षा ही पद्धत बरी, कारण ती तुमच्या गाडीवर, त्या दिवशीच्या तेलाच्या तापमानाला मोजलेली असते. पण त्या वेळी गिअरवर इंजिनाचा भार नसतो, त्यामुळे भाराखालची घट यातही पूर्ण पकडली जात नाही. माझं मत विचाराल तर तुलना नेहमी चाकांच्या आकड्यांचीच करावी. क्रँकचा आकडा मित्रांना सांगायला ठीक आहे, निदानाच्या कामाचा नाही.

आकडा हवामानाबरोबर हलतो

हा भाग सगळ्यात जास्त वेळ देण्यासारखा आहे, कारण इथे चुका सहज होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत.

एसएईचा करेक्शन फॅक्टर, म्हणजे मोजलेली ताकद प्रमाणित हवेवर आणायला तिला ज्याने गुणतात तो आकडा, हाताने काढता येतो. ९९० ला कोरड्या हवेच्या दाबाने भागायचं, दाब हेक्टोपास्कलमध्ये. हवेच्या तापमानात २७३ मिळवून २९८ ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. दोन्हींचा गुणाकार, त्याला १.१८ ने गुणायचं, त्यातून ०.१८ वजा. हे ०.१८ इंजिनाच्या आतल्या घर्षणाचा हिशेब ठेवण्यासाठी आहे: हवा बदलली म्हणून पिस्टन आणि बेअरिंगचं घर्षण बदलत नाही, असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

आता दोन दिवस घ्या. पहिल्या दिवशी २० अंश आणि कोरड्या हवेचा दाब १०००: फॅक्टर ०.९७८. दुसऱ्या दिवशी ३८ अंश, दमट हवा, पाण्याच्या वाफेचा वाटा वजा करून कोरडा दाब ९४०: फॅक्टर १.०९. करेक्शननंतर ज्याचा आकडा १०२ एचपी आहे असं टर्बो नसलेलं इंजिन पहिल्या दिवशी प्रत्यक्षात १०४ दाखवेल आणि दुसऱ्या दिवशी ९३.६. साडेदहा एचपीचा हा फरक नुसत्या हवेचा आहे. अनकरेक्टेड शीटची तुलना केली तर या गाडीचं इंजिन 'बसलं' असाच निष्कर्ष निघेल.

पण करेक्शन केलं की सगळं आपोआप बरोबर होतं असंही नाही. सात टक्क्यांपलीकडचं करेक्शन एसएई जे१३४९ विश्वासार्ह मानत नाही. वरचा दुसरा दिवस नऊ टक्क्यांवर गेला, म्हणजे त्या दिवशी रन घ्यायलाच नको होता. शीटवर फॅक्टर ०.९३ च्या खाली किंवा १.०७ च्या वर दिसला तर तो रन निदानासाठी बाजूला ठेवा.

फॅक्टर चुकीचा निघण्याची दोन कारणं वारंवार दिसतात. पहिलं, तापमानाचा सेन्सर चुकीच्या जागी असणं. तो बॉनेटच्या कडेला, रेडिएटरची गरम हवा येते तिथे लटकवला आणि खोलीत ३० अंश असताना त्याने ५० अंश वाचले, तर जवळपास चार टक्के ताकद कागदावर फुकट वाढते. सेन्सर इंजिन जिथून हवा ओढतं तिथे हवा, पण गाडीच्या गरम हवेपासून लांब. दुसरं कारण, दाबाचा आकडा फोनवरच्या हवामान ॲपमधून घेऊन हाताने भरणं. ॲपमधला दाब बहुधा समुद्रसपाटीवर आणलेला असतो. ६०० मीटर उंचीवर खरा दाब ९४३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि ॲप १०१३ दाखवतं. तो भरला की फॅक्टर तब्बल नऊ टक्क्यांनी चुकतो, या वेळी उलट्या दिशेने, आणि धडधाकट गाडी कमजोर ठरते. डायनोच्या स्वतःच्या बॅरोमीटरचं रीडिंग शीटवर आहे का, ते बघा.

टर्बो गाड्यांचा मुद्दा वेगळा. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बूस्टचा, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा, दाब ठरलेल्या पातळीवर धरून ठेवत असेल तर बाहेरची हवा विरळ झाली तरी टर्बो जास्त फिरून ती कसर बरीचशी भरून काढतो. म्हणजे इंजिनाने ताकद फारशी गमावलेलीच नसते, आणि त्यावर पूर्ण करेक्शन लावलं की आकडा फुगतो. उंचावरच्या डायनोवर टर्बो गाड्यांचे आकडे अवास्तव दिसतात ते यामुळेच. टर्बो गाडीची करेक्टेड आणि अनकरेक्टेड अशी दोन्ही शीट मागून घ्या.

दुसऱ्या डायनोवर आकडा वेगळा आला

येणारच. इनर्शिया डायनोमध्ये जड रोलर असतो. त्याचं वस्तुमान माहीत असतं आणि तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून ताकद काढतात. लोड डायनोमध्ये रोलरला एडी करंटचा ब्रेक असतो आणि लोड सेलवर प्रत्यक्ष बल मोजलं जातं. हब डायनोमध्ये चाकं काढून हबलाच यंत्र जोडतात, त्यामुळे टायरचा प्रश्नच मिटतो आणि आकडा बहुधा रोलरपेक्षा जास्त येतो. तिन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघणं मात्र चूक आहे.

इनर्शिया डायनोची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंजिनाची काही ताकद फ्लायव्हील, गिअर आणि चाकं यांना फिरवायलाच खर्च होते, आणि रन जितका झटपट तितका हा खर्च जास्त. म्हणून खालच्या गिअरमध्ये घेतलेला रन कमी आकडा देतो. जड अलॉय आणि रुंद टायर बसवून आलेली गाडी इंजिनात काहीही बदल नसताना कमी दाखवते. 'मॉडिफिकेशननंतर पॉवर कमी झाली' म्हणून येणाऱ्या गाडीची चाकं आधी बघा. गिअर शक्यतो ज्याचं प्रमाण १:१ च्या जवळ आहे तोच घ्यावा, आणि दर वेळी तोच.

टॉर्क जास्त, पॉवर तेवढीच

ही तक्रार ऐकली की मी आरपीएमच्या सिग्नलकडे वळतो. रोलर डायनो पॉवर मोजतो ती रोलरवरचं बल आणि रोलरचा वेग यांवरून. त्यात इंजिनाच्या आरपीएमची गरज नसते. इंजिनाचा टॉर्क मात्र पॉवरला आरपीएमने भागून काढतात. सिग्नल चुकला तर पॉवर बरोबर राहते आणि टॉर्क चुकतो. चाकांवर १२० एचपी आहेत आणि इंजिन खरोखर ५००० आरपीएमवर आहे, तर टॉर्क १७१ न्यूटन मीटर. डायनोने ते ४५०० समजले तर तोच टॉर्क १९० दिसेल.

पडताळा सोपा आहे. न्यूटन मीटरला आरपीएमने गुणा आणि ९५४९ ने भागा, किलोवॅट मिळतात. पीएस हवे असतील तर ७०२४ ने भागा, एचपीसाठी ७१२१ ने. मात्र डायनोने टॉर्क स्वतःच याच सूत्राने काढलेला असल्यामुळे हा गुणाकार जुळला तरी आरपीएम बरोबर असल्याचं सिद्ध होत नाही. जुळला नाही तर एकक तरी चुकलंय किंवा दोन रेषा वेगवेगळ्या करेक्शनवर छापल्यात. आरपीएमसाठी ग्राफ जिथे संपतो तो आकडा गाडीच्या लिमिटरशी ताडा. ६५०० ला कट होणारं इंजिन ग्राफवर ५९०० ला संपत असेल तर सिग्नल दुरुस्त करून रन पुन्हा घ्या.

जाता जाता: 'दोन्ही रेषा ५२५२ ला छेदायलाच हव्यात' हे एचपी आणि पाउंड-फूट एकाच मापपट्टीवर असतील तेव्हाच खरं. न्यूटन मीटर आणि पीएसच्या ग्राफमध्ये तो छेद ७०२४ आरपीएमला येतो. बरीच इंजिनं तिथवर जातच नाहीत, म्हणून रेषा छेदल्या नाहीत तर शीट खोटी ठरत नाही.

टायर आणि पट्टे

टायर घसरतोय का, हे कानाने नेहमी कळत नाही, डेटात कळतं. एका ठरावीक गिअरमध्ये इंजिनाचे आरपीएम आणि रोलरचा वेग यांचं गुणोत्तर स्थिर राहायला हवं. रनची फाइल उघडा, कमी भाराला हे गुणोत्तर टिपा, मग टॉर्क सर्वांत जास्त असतो तिथे टिपा. तिथे ते वाढलेलं असेल तर इंजिन पुढे पळतंय आणि रोलर मागे राहतोय: टायर घसरतोय किंवा क्लच. गाडी डायनोला बांधणारे पट्टे घट्ट करून, टायर गरम करून पुन्हा रन घ्या. गुणोत्तर तसंच वाढत राहिलं तर क्लच तपासा. जास्त टॉर्कच्या रिमॅपनंतर क्लच घसरायला लागणं अगदी नेहमीचं आहे, आणि ते रस्त्यावर जाणवण्याआधी डायनोवर दिसतं.

पट्टे आवळण्यालाही मर्यादा आहे. रॅचेट जितका ओढाल तितका टायर रोलरवर चेपतो, आणि चेपलेला टायर फिरवायला ताकद लागते. टायरमधली हवा कमी असली तरी तेच. दोन रनच्या मधे कुणी पट्टे पुन्हा आवळले असतील तर ते दोन रन तुलनेतून गेले असं समजा. हवेचा दाब दर वेळी मोजून सारखा करा आणि शीटवर लिहून ठेवा.

पहिला रन चांगला, मग खाली खाली

इंजिनाने गरम हवा खाल्ली आहे. डायनोसमोरचा पंखा कितीही मोठा असला तरी रस्त्यावरच्या वेगाची हवा तो क्वचितच देतो. इंटरकूलर तापतो, इनटेक मॅनिफोल्ड तापतो, नॉकिंग (इंधनाचं मिश्रण अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. इथे निदानाचा मार्ग एकच: ओबीडीवर (गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टवर) इनटेक हवेचं तापमान बघायचं आणि प्रत्येक रन त्याच तापमानाला सुरू करायचा. कूलंटचा काटा मधे आला म्हणजे गाडी थंड झाली असं होत नाही. उलट बाजूही आहे. गिअरबॉक्सचं तेल थंड असताना घेतलेला पहिला रन कमी येतो, म्हणून तो गरम करायचा रन धरून हिशेबात घेऊ नका. खोलीतला धूर बाहेर जात नसेल तर इंजिन स्वतःचाच धूर ओढतं, आणि मग कुठल्याही तापमानाला आकडा पडतो.

ग्राफ मधेच खाली बसतो

दोनच चाकं फिरत असतील तर एबीएसच्या सेन्सरला बाकीची चाकं उभी दिसतात, आणि ईएसपी किंवा ट्रॅक्शन कंट्रोल (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) थ्रॉटल कापतं. बटण दाबून ते पूर्ण बंद होतंच असं नाही. अनेक गाड्यांना वेगळा डायनो मोड असतो. चारही चाकांना ताकद देणारी गाडी दोन चाकांच्या रोलरवर तर घेऊच नका, सेंटर डिफरन्शियल किंवा कपलिंग खराब होऊ शकतं.

ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर लॉक झालेला नसेल तर सुरुवातीला टॉर्कचा मोठा उंचवटा दिसतो, तो इंजिनाचा नसतो. मधेच किकडाउन झालं (गिअर आपोआप खालचा पडला) तर तो रन फेकून द्या.

ग्राफ फार गुळगुळीत असला तर स्मूदिंग (रेषेतले चढउतार पुसून टाकणं) किती ठेवलंय ते विचारा. मिसफायर किंवा बूस्टमधली थरथर जास्त स्मूदिंगखाली पुसली जाते, आणि शून्य स्मूदिंगवर एखादा काटा उंच गेला की तोच कमाल पॉवर म्हणून छापला जातो. निदानासाठी कमी स्मूदिंगचा ग्राफ घ्या, पण कमाल आकडा त्यातल्या टोकावरून वाचू नका.

एवढं करूनही कमी येत असेल तर

किमान तीन रन, तोच गिअर, तेच पट्टे, सुरुवातीचं तेच इनटेक तापमान. तिन्ही एक-दोन टक्क्यांच्या आत आले तर मोजमाप भरवशाचं आहे. मग आकडा खरंच कमी आहे असं माना आणि आता इंजिनाकडे वळा. पॉवर एकटी काही सांगणार नाही, तिच्यासोबत त्याच रनचा ईसीयू लॉग हवा.

थ्रॉटल खरोखर शंभर टक्के उघडतो का ते आधी. पेडल शंभर आणि थ्रॉटल सत्तर दिसला तर ईसीयू टॉर्क मर्यादेत ठेवतोय, कारण शोधायचं ते तिथे. मग इग्निशन: नॉकिंगमुळे टायमिंग मागे जात असेल तर इंधनाचा ऑक्टेन, कार्बन, इनटेकचं तापमान. मग टर्बो गाडीत मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी ठेवून बघा. मिळालेला मागे पडत असेल तर होजची गळती, वेस्टगेट, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (दोन्ही बूस्टवर नियंत्रण ठेवणारे व्हॉल्व्ह). वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होत असेल (हवेच्या मानाने इंधन कमी) तर फ्युएल पंप आणि फिल्टर. हे सगळं जागेवर असून संपूर्ण ग्राफ एकसारखा खाली असेल, तेव्हा कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमधून किती हवा गळते ते बघणाऱ्या) टेस्टची वेळ येते. ग्राफ खालून बरोबर आणि फक्त वरच्या टोकाला मरत असेल तर आधी एक्झॉस्ट तुंबलाय का ते बघा. बंद होत आलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नेमकं हेच करतो, आणि कन्व्हर्टरच्या आधी, ऑक्सिजन सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावून तो दहा मिनिटांत पकडता येतो.